टपावरच्या स्की

गाडीच्या टपावर स्की न्यायला रॅक घ्यायचाय म्हटलं की जो तो पहिला प्रश्न विचारायचा, गाडी कोणती? दुकानातला पोरगा तेच विचारी, ऑफिसातले लोकही तेच. माझी उंची मात्र कुणी विचारली नाही. ती पाच फूट एक इंच आहे. आणि शनिवारी पहाटे पोरांना कोंबून डोंगरात नेणारी, संध्याकाळी बर्फात उभं राहून ओल्या स्की परत गाडीवर चढवणारी बहुतेक वेळा मीच असते, कारण नवऱ्याची नोकरी अशी की हिवाळ्यातले निम्मे शनिवार तो कामावर.

आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला लेकवूडमध्ये राहतो. इथून आय-७० महामार्ग धरला की फ्लॉइड हिलचा चढ, मग आयडाहो स्प्रिंग्ज, जॉर्जटाउन, आणि आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी लव्हलँड, आमची स्कीची जागा. बोगदा ११ हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे घरापासून जवळजवळ साडेपाच हजार फूट चढायचं. वाटेत वारा, बर्फ आणि रस्त्यावर फवारलेलं मॅग्नेशियम क्लोराईड. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे त्याचाच छळ आहे.

आधी स्की गाडीतच आडव्या टाकायचो. मागची सीट एका बाजूने पाडायची, लेकीला आणि धाकट्याला उरलेल्या जागेत बसवायचं आणि मधून चार जोड्या थेट पुढच्या दोन सीटांच्या मध्ये. परतीच्या वाटेवर बर्फ वितळून गाडीभर पाणी. पण पाण्याचं एवढं काही नाही. स्कीला दोन्ही कडांना पोलादी पाती असतात, धार लावलेली. बाइंडिंगसकट, म्हणजे बूट अडकवायच्या जोडणीसकट, चार जोड्या म्हणजे वीस-बावीस किलो वजन. आय-७० वर संध्याकाळी गर्दी असते आणि पुढचे लोक अचानक ब्रेक मारतात. धाकट्याच्या कानापासून वीतभर अंतरावर ती पाती बघितल्यावर मी म्हटलं, आता रॅक.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुंबकाचे रॅक. छतावर ठेवले की चिकटतात. आमच्या गाडीच्या छताचा निम्मा भाग काचेचा, तिथे चुंबक काय चिकटणार! शिवाय चुंबकाखाली धुळीचा एक कण अडकला तरी रंगावर ओरखडा. तो विषय तिथेच संपला.

छतावरची बंद पेटी हा इथला सगळ्यात लोकप्रिय प्रकार. स्की कोरड्या राहतात, बूट, काठ्या, हातमोजे, सगळं आत जातं, कुलूप लागतं. मला मनापासून आवडली होती. पण रिकामी पेटीच वीस किलोच्या आसपास भरते, ती उतरवायला दोन माणसं लागतात आणि उतरवून ठेवायची कुठे, हा प्रश्न आहेच. अमेरिकन सरकारच्या इंधन खर्चाच्या संकेतस्थळावर आकडे आहेत: मोठी, बोथट तोंडाची पेटी छतावर असेल तर शहरात मायलेज २ ते ८ टक्के घटतं, महामार्गावर ६ ते १७, आणि ताशी ६५ ते ७५ मैलांच्या वेगाला १० ते २५ टक्के. मागे लावायच्या पेटीला हाच फटका महामार्गावर १ ते ५ टक्के. आमचा सगळा प्रवासच महामार्गाचा.

मग मागे हिचला, म्हणजे ट्रेलर ओढायच्या जोडाला, लावायचा रॅक घ्यावा का? कागदावर तो माझ्यासाठीच बनलेला. कमरेच्या उंचीवर स्की लटकवायच्या, हात वर करायलाच नको. पण आमच्या गाडीला हिच नव्हता, तो बसवण्याचा खर्च वेगळा. शिवाय शेजाऱ्यांचा तसा रॅक मी जवळून बघितला होता. डोंगरातून परत आल्यावर त्यांच्या स्कीवर करडा, चिकट थर होता. बाइंडिंगच्या स्प्रिंगमध्ये, स्कीच्या ब्रेकच्या पात्यांत, सगळीकडे. मागची चाकं जे उडवतात ते सगळं गाडीच्या पाठीवर जाऊन बसतं. छतावरही बसतं, पण बरंच कमी.

राहिला छतावर आडव्या बारवरचा, वरून दाबून धरणारा रॅक. खाली एक पट्टी, वर एक पट्टी, दोन्हींना रबर, मध्ये स्की. साधं काम. नवा संच घ्यायचा तर बार छतावर धरून ठेवणारे पाय, बार आणि पट्ट्या मिळून पाचशे डॉलरच्या वर जात होतं. जुन्या बाजारात थुले कंपनीचे चौकोनी पोलादी बार छताच्या रेलला धरणाऱ्या पायांसकट दीडशेत मिळाले. विमानाच्या पंखासारख्या आकाराचे नवे ॲल्युमिनियमचे बार दिसायला देखणे आणि कमी आवाजाचे. चौकोनी बार दणकट, बेढब आणि वाऱ्यात घोंगावणारे. मी चौकोनी घेतले, कारण ते पायांतून सरकवता येतात. ते का, हे पुढे येईल.

त्याच सुमारास बाबा चिपळूणहून आले होते. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. गॅरेजमध्ये पडलेले बार बघून पहिलं वाक्य, "टपावर ओझं चढवायचं तर आधी टप काय सोसतो ते बघ." म्हटलं बघितलंय, गाडीच्या पुस्तकात १५० पौंड लिहिलंय, रॅक धरून. म्हणजे ६८ किलो. आमचा हिशेब बार, पट्ट्या, स्की सगळं मिळून पस्तीसच्या आत बसत होता. बाबा म्हणाले, "वजनाने काही होत नाही गं. ब्रेक मारल्यावर पुढे काय जातं आणि वाऱ्याने वर काय उचलतं, ते सांग." पुढचे दोन आठवडे ह्या दोन प्रश्नांवर गेले.

पट्ट्या चार जोड्यांच्या घ्यायच्या की सहा जोड्यांच्या? डब्यावर लिहिलेला आकडा हा जुन्या, निमुळत्या स्कीचा असतो असं माझं मत झालंय. हल्लीच्या स्की रुंद. माझ्या स्कीची कंबर, म्हणजे मधला अरुंद भाग, ८८ मिलिमीटर, पण पट्टी कमरेवर येत नाही, तिच्या पुढेमागे येते, आणि तिथे टेप धरला तर ११ सेंटीमीटर भरतात. अशा चार जोड्या म्हणजे ४४, आणि चार जोड्यांच्या पट्टीत वापरता येण्यासारखी जागा चाळीसच्या आसपास. पोरांच्या स्की थोड्या अरुंद असल्या तरी बाइंडिंग एकमेकांना घासणार. तेव्हा सहा जोड्यांची पट्टी घेतली, हीसुद्धा जुनीच.

आता माझ्या उंचीचा मुद्दा. जमिनीपासून पट्टीची उंची पावणेसहा फूट. तिथे मी जमिनीवर उभी राहून, जाड जॅकेट घालून, हात किती आत नेऊ शकते? बाबांनी मला गाडीशेजारी उभं केलं, हात पुढे करायला लावला आणि बोट पोचलं तिथे बारवर खडूने खूण केली. चाळीस सेंटीमीटर. पण ही चाळीस कुठून मोजायची, तर मी गाडीच्या दाराला टेकून उभी असते तिथून. बार नेहमीसारखा मधोमध बसवला तर पट्टी आणखी आत जाते आणि माझ्या हाताला येते फक्त बाहेरची एक जोडी.

म्हणून बार पायांतून उजवीकडे सरकवले, इतके की त्यांची टोकं दाराच्या वर बाहेर डोकावतील, पण आरशाच्या रुंदीच्या आतच राहतील. आरशाबाहेर काहीही जाऊ द्यायचं नाही, हा बाबांचा नियम. उजवी बाजू अशासाठी की इथे गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला उभी राहते, म्हणजे वाटेत थांबलं तरी स्की चढवताना मागून वाहनं अंगावर येत नाहीत. पट्टीची बिजागरी आतल्या बाजूला केली आणि कुलूप व दाबायचं बटण बाहेरच्या. मूळ जोडणी उलटी होती, चार स्क्रू काढून फिरवावी लागली. आता मी एकटी असले की तीन जोड्या बाहेरच्या बाजूला, माझ्या हाताच्या टप्प्यात. सर्वांत आतली जागा नवऱ्याच्या स्कीची. तो बरोबर असला तरच त्या स्की असतात, आणि तो असला की चढवायला तोच असतो. त्याची उंची पाच फूट अकरा. त्याला यातलं काहीच अडलं नसतं.

बारच्या बाहेर आलेल्या टोकांवर डोकं आपटायचं भय होतं, त्यावर पोहण्याच्या फोमच्या नळीचे तुकडे बसवले. भडक केशरी. गाडी आता पार्किंगमध्ये लांबून ओळखू येते, हा एक वरचा फायदा.

दुसरं काम उंची वाढवायचं. जोडी तळाला तळ लावून ठेवली की एका स्कीचं बाइंडिंग वर येतं आणि दुसरीचं खाली, छताच्या दिशेने. छत मध्ये फुगीर, त्यावर सनरूफची काच. बाइंडिंग काचेला लागतं का, हे खाली वाकून दिसत नाही. बाबा स्वयंपाकघरात गेले आणि दुपारच्या पोळ्यांसाठी मळलेल्या कणकेतला एक गोळा घेऊन आले. गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून काचेवर ठेवला, वर नवऱ्याची जोडी पट्टीत आवळली, पुन्हा सोडली. गोळा दबून करंगळीच्या निम्म्या जाडीचा झाला होता. इंजिनात पिस्टन आणि हेडमधलं अंतर असंच मोजायचो, म्हणाले. तेवढं अंतर उभ्या गाडीला पुरतं, पण खड्ड्यात गाडी आपटली की स्की मध्ये लवतात. आईने विचारलं असतं की गोळा परत कणकेत टाकला का. टाकला नाही.

बाजारात यासाठी उंची वाढवणारे ठोकळे मिळतात. मी प्लास्टिकच्या जाड कटिंग बोर्डाचे तुकडे कापून रचायचे ठरवत होते, लोक तसं करतात. बाबांना ते अजिबात पटलं नाही. उंच ठोकळ्यावर एकच लांब बोल्ट असेल तर ब्रेक मारल्यावर वरची पट्टी पुढे झुकणार, बोल्ट वाकणार, भोक मोठं होणार. त्यांनी दीड इंची ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणायला लावला, ३ मिलिमीटर जाडीचा. धातूचे उरलेसुरले तुकडे वजनावर विकणारं एक दुकान इथे आहे, तिथे मिळाला. पट्टीच्या लांबीइतके दोन तुकडे हॅक्सॉने कापले, कडा कानसने मारल्या, भोकं पाडली. पाइप बारच्या वर बारच्याच दिशेने झोपवला आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या रुंद कड्यांनी बारला आवळला; पट्टी पाइपवर. नट सगळे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने सैल न होणारे. उंची ३८ मिलिमीटर वाढली. पुन्हा कणकेचा गोळा ठेवला, या वेळी मोठा. चांगला दीड इंचाच्या वर राहिला.

सनरूफ तरीही मागून तिरकी उघडायची नाही. काच वर उचलली की थेट बाइंडिंगला लागेल. डॅशबोर्डवर बटणाच्या शेजारी मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, कारण पोरांना बटणं दाबायला आवडतात.

आता मॅग्नेशियम क्लोराईड. रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून हे द्रावण फवारतात. ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे वाळत नाही, ओलं राहतं आणि फटीत बसतं. पोलादी बार, ॲल्युमिनियमचा पाइप आणि स्टेनलेसचे बोल्ट एकमेकांना चिकटून आणि वर खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम पोखरायला आमंत्रणच. पांढरी भुकटी धरते आणि बोल्ट आट्यांतच जाम होतो. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. समुद्राकाठच्या खिडकीचे गज काय होतात ते बाबांनी आयुष्यभर पाहिलंय. जिथे दोन धातू भेटतात तिथे नायलॉनचे वायसर घातले, पाइप आणि बारच्या मध्ये जुन्या ट्यूबचं रबर, आट्यांना जाम न होण्याचं राखाडी ग्रीस. बारच्या कापलेल्या तोंडांवर आधीच गंज होता, तो खरवडून रंग दिला आणि आत पाणी जाऊ नये म्हणून टोपणं ठोकली. डोंगरातून आलं की दुसऱ्या दिवशी बादलीभर कोमट पाणी रॅकवरून ओतायचं, हे मात्र चुकवायचं नाही.

कुलपाचं भोक वर तोंड करून होतं. दिवसा बर्फ वितळून त्यात पाणी जातं, संध्याकाळी गोठतं आणि तुमच्या स्की रॅकमध्ये अडकून पडतात. पार्किंगमध्ये फुंकर मारून कुलूप उघडायचा प्रयत्न करणारे लोक मी पाहिले आहेत. फुंकरेतली वाफ आणखी गोठते. सायकलच्या ट्यूबचा एक लहान तुकडा वरच्या एका स्क्रूत अडकवून भोकावर झाकणासारखा सोडला. भोकात तेल न घालता ग्रॅफाइटची भुकटी घातली. तेल थंडीत घट्ट होतं.

बाइंडिंगवर मात्र रस्त्यावरचं पाणी उडतंच, पुढच्या ट्रकच्या चाकांतून. त्यासाठी विकत मिळणारी कव्हरं आहेत. मी जुन्या रेनकोटच्या कापडाची शिवली, दोन्ही टोकांना इलॅस्टिक. बाबा त्यांना इरलं म्हणतात. कापड जरा जरी ढिलं राहिलं तरी वाऱ्यात फडफडून फाटतं, म्हणून मधून आणखी एक नाडी ओवली आणि तिची गाठ बाबांनी बांधायला शिकवली, टपावरच्या सामानाला बांधायचे तशी: ओढली की आवळते, टोक खेचलं की हातमोज्यातूनही सुटते.

स्की ठेवताना टोकं मागे. हे सगळीकडे सांगतात म्हणे, पण मी विचारेपर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं. स्कीचं पुढचं टोक वर वळलेलं असतं. ते पुढे ठेवलं तर ताशी शंभर किलोमीटरचा वारा त्या वळणाखाली शिरतो आणि स्की वर उचलू बघतो, सगळा ताण पुढच्या पट्टीच्या खटक्यावर. टोक मागे असलं की वारा मागच्या चपट्या शेपटीवरून सरळ निघून जातो. लेकीच्या स्कीला मात्र शेपटीलाही वळण आहे, त्यांना दोन्हीकडून तेच. तिची जोडी मी बाकीच्या दोन जोड्यांच्या मध्ये ठेवते आणि तिला वेगळा पट्टा घालते. धाकट्याची स्की छोटी, एक मीटर वीस. बारमधलं अंतर जास्त असतं तर तिची टोकं जेमतेम पट्टीवर टेकली असती, म्हणून दोन बार ७० सेंटीमीटरवर आणले. त्यापेक्षा जवळ आणू नये असं बारच्या कागदावर होतं.

सगळं बसवल्यावर बाबांनी रॅक दोन्ही हातांनी धरून हलवला. गाडी डुलली पाहिजे, रॅक नाही. गाडी डुलली. मग एका शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ताशी पंचवीस-तीस मैलांवरून कचकन ब्रेक, पुन्हा एकदा, बाबा बाहेर उभे राहून बघताहेत. मॉरिसन गावापर्यंत जाऊन आल्यावर सगळे नट पुन्हा तपासले. पायांचे दोन बोल्ट अर्धा अर्धा फेरा फिरले. रबर बसलं की असं होतंच. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर तपासायला हवंच.

आवाजाचं काय? चौकोनी बार ताशी पन्नास मैलांच्या पुढे असा हुंकारायला लागला की रेडिओ ऐकू येईना. वारा बारच्या मागे आलटून पालटून वर-खाली भोवरे सोडतो, एका ठरलेल्या तालात, आणि तो ताल छताच्या पत्र्याला सापडला की गाडी घुमते. त्यावरचा इलाज फुकटचा आहे: बारभोवती दोरी गुंडाळायची, स्क्रूच्या आट्यांसारखी, दोन फेऱ्यांमध्ये तीन-चार बोटं अंतर ठेवून. भोवरे मग बारभर एकाच वेळी सुटत नाहीत आणि ताल मोडतो. कारखान्यांच्या उंच धुराड्यांच्या माथ्याला पत्र्याची पट्टी पिळून बसवलेली दिसते, तीही त्याचसाठी. मी हे वाचून सांगितल्यावर बाबांना आधी खोटं वाटलं. जाड नायलॉनची दोरी गुंडाळून पुन्हा महामार्गावर गेलो तर हुंकार गेला होता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "वर्कशॉपला माहीत असतं तर."

मेच्या सुरुवातीला लव्हलँड बंद झालं की पट्ट्या आणि पाइप उतरवतो. मोकळा रॅकही पेट्रोल खातोच, बार तेवढे ठेवतो, कारण उन्हाळ्यात सायकली असतात. पट्ट्यांचं रबर धुऊन, टाल्कम पावडर लावून ठेवायचं, सनस्क्रीनचा हात लागू द्यायचा नाही. उतरवताना पाइप उघडून बघितला: एका टोकाला, जिथे ट्यूबचा तुकडा सरकला होता, तिथे नखाएवढी पांढरी भुकटी धरली होती. बाकी स्वच्छ. फोटो बाबांना पाठवला. उत्तर आलं, रबर तिथे चिकटवून टाक, आणि दोरी उन्हात ठेवू नकोस.

दोरी बदलायचीच आहे. नवऱ्याचं म्हणणं, आडवा वारा असला की जॉर्जटाउनच्या तळ्यापाशी अजून बारीक शिट्टी येते. मला येत नाही ऐकू. लेकीला येते म्हणे, पण ती नेहमी त्याच्याच बाजूने बोलते.